हलव्याला काटा येईपर्यंत

सलग तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी पितळी परातीसमोर बसले होते आणि परातीतले तीळ तिसऱ्या दिवशीही गुळगुळीतच होते. दाणे पांढरे झाले होते, थोडे फुगलेही होते. पण हलव्याचा म्हणून जो काटा असतो, बोटाला हलकेच टोचणारा आणि जिभेवर आधी खरखरीत लागून मग विरघळणारा, त्याचा कुठे मागमूस नव्हता. शाल पांघरून सासूबाई उठून आल्या, चमच्यातला पाक त्यांनी दोन बोटांत धरून ताणून पाहिला आणि म्हणाल्या, "पाक पुढे गेलाय. आणि तू फार हलवतेस. हलवा म्हणतात म्हणून तो सारखा हलवायचा नसतो."

धाकटीचे बोरन्हाण यंदा रथसप्तमीला, म्हणजे २५ जानेवारीच्या रविवारी करायचे ठरले होते. गेल्या वर्षी ती जेमतेम महिन्याची होती, त्यामुळे तेव्हा ते राहून गेले. गेल्या वर्षी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तीन आठवडे मिळाले होते; यंदा रथसप्तमी लवकर आल्यामुळे मधले अकराच दिवस हाती होते, आणि त्यातला १८ तारखेचा रविवार नणंदेकडच्या हळदीकुंकवाला आधीच दिलेला होता. म्हणून हलव्याची परात मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच मांडली. नाशिकमध्ये तेव्हा थंडी चांगली असते, आणि हलव्याला साखरेइतकीच थंडीही लागते.

हे सगळे घरी करण्याचा अट्टहास कशासाठी, असे मला चार जणींनी विचारले. त्याचे उत्तर थोरल्याच्या बोरन्हाणात आहे. २०२२ मध्ये तो साधारण धाकटीएवढाच, तेरा महिन्यांचा होता, आणि त्या वेळी मी सगळा संच विकत आणला होता: काळ्या सॅटिनचा कुर्ता, पुठ्ठ्याचा मुकुट, हार, बाजूबंद आणि कमरपट्टा. दागिन्यांवरचा हलवा म्हणजे हलव्यासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे मणी होते आणि ते गरम गोंदाने चिकटवलेले होते. गोंद वाळून त्याच्या कडा धारदार झाल्या होत्या. दहा मिनिटांत पोराच्या मानेवर लाल वळ उठले. त्याने हाराला हिसका दिला, एक मणी सुटला आणि थेट तोंडात गेला. तो मी बोट घालून काढला, पण पुढचा तासभर माझे हात थरथरत होते. फोटोंत यातले काहीच दिसत नाही. फोटोंत तो अगदी राजबिंडा दिसतो. ज्या दुकानातून तो संच घेतला त्याला मी दोष देत नाही, कारण त्यांनी फोटोत छान दिसणारी वस्तू विकली आणि मी तीच मागितली होती.

पुढे धाकटीसाठी कपाटातली जुनी बाळंतविड्याची पेटी उघडली, तेव्हा थोरल्याच्या त्या मुकुटाशेजारी नवऱ्याचे लहानपणीचे झबले आणि कुंची निघाली, आणि तिथे माझ्या डोक्यात काही गोष्टी जुळल्या. जुन्या पद्धतीचे म्हणून आज बाजारात जे मिळते त्यात जुन्याचे रूप असते, पण ते रूप ज्या कारणाने तसे झाले ते कारण गळून गेलेले असते. त्या झबल्याला एकही बटण नव्हते, पाठीवर बांधायचे बंद होते, कारण बंद तुटून बाळाच्या घशात जात नाही. कुंची बाहेरून खणाची आणि झगझगीत होती, पण आतून तिला जुन्या मलमलीचे अस्तर होते. दुपटे कोऱ्या कापडाचे नव्हतेच. धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या लुगड्याचे होते. या तिन्ही वस्तू आज दिसायला जुन्या आणि म्हणून गोड वाटतात. ज्यांनी त्या शिवल्या त्यांनी मात्र बाळाच्या अंगाचा आणि घरात उरलेल्या कापडाचा, एवढाच हिशेब केला होता. मी ठरवले की यंदा करायचे तर त्या हिशेबाने करायचे, आणि जिथे तो हिशेब आज वेगळा लागतो तिथे जुने खुशाल सोडायचे.

तर हलवा. साहित्य हसू येईल इतके थोडे आहे: दोन मोठे चमचे तीळ, दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी आणि मळी काढायला चमचाभर दूध. साखर-पाणी उकळले की दूध घालायचे, वर तरंगणारा करडा फेस झाऱ्याने काढायचा आणि पाक ओल्या पातळ फडक्यातून गाळून घ्यायचा. पाक एकतारीच्या किंचित अलीकडे हवा. म्हणजे बोटांत धरल्यावर तार दिसली पाहिजे, पण ती टिकता कामा नये. पूर्वी परात शेगडीवर, राखेने झाकलेल्या निखाऱ्यांवर ठेवत. माझ्याकडे गॅस आहे, म्हणून आच सगळ्यात बारीक करून तिच्यावर जाड लोखंडी तवा आणि तव्यावर कल्हईची परात अशी मांडणी केली. तिळांवर एक लहान चमचा पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी दाणे हलकेच फिरवायचे, आणि ते कोरडे होऊन परातीत खुळखुळ वाजायला लागले की थांबायचे. मग पुढचा चमचा. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन तासांत वीस-पंचवीस चमच्यांपुढे गाडी जात नाही, आणि मधेच दारावर दूधवाला आला म्हणून उठलात की दाण्यांचा लाडू होतो.

माझी पहिली चूक पाकाची होती. पाक गॅसच्या कडेला ठेवल्यामुळे तो हळूहळू आटत दोनतारीकडे गेला होता, आणि असा दाट पाक दाण्यावर झुलीसारखा सपाट बसतो. सासूबाईंनी पाकाचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायला सांगितले. तेवढ्याने तो पातळ राहिला. दुसरी चूक हाताची. काटा येतो तो साखरेचे स्फटिक दाण्यावर धरतात म्हणून. दाण्यावर कुठेतरी कणभर उंचवटा तयार होतो, त्या उंचवट्याला पाक आधी लागतो आणि आधी वाळतो, त्यामुळे पुढच्या चमच्याला तो आणखी उंच होतो. मी दर मिनिटाला दाणे घासून घासून फिरवत होते, म्हणजे उगवू पाहणारा प्रत्येक काटा स्वतःच मोडत होते. मोडलेल्या काट्यांची भुकटी परातीच्या तळाशी पिठासारखी साचली होती, आणि ती पाहूनही मला उलगडा झाला नव्हता. ती भुकटी काढून पुन्हा पाकात घालायची आणि परात कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची, नाहीतर तीच दाण्यांना चिकटून हलवा मळकट दिसतो.

सहाव्या दिवशी काटा आला. आधी मला वाटले की चष्म्यावर वाफ धरली आहे. मग एक दाणा तळहातावर घेऊन खिडकीशी नेला, तर सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या अंगावर बारीक बारीक टोके उभी राहिलेली स्पष्ट दिसली. थोरला शाळेला निघाला होता. त्याने दाणा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "आई, याला दात आले." धाकटीला त्याच आठवड्यात वरचे दोन दात फुटले होते, त्यामुळे घरात पुढचे चार दिवस हलव्याला दातवाला हलवा असेच नाव पडले.

इथे थोडे विषयांतर करते, कारण हे वाचून मला फार गंमत वाटली होती. जपानमध्ये कोंपेइतो नावाची अगदी अशीच काटेरी साखरेची गोळी मिळते. तिचे नाव पोर्तुगीज भाषेतल्या कॉन्फेइतो या शब्दावरून आलेले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती तिकडे पोहोचली, आणि १५६९ मध्ये लुईस फ्रॉइस या मिशनऱ्याने ओदा नोबुनागा या सरदाराला ती काचेच्या बरणीतून भेट दिली होती. तिकडचे कारागीर कलत्या, फिरत्या, तापलेल्या कढईत पाक सोडत सोडत ती सुमारे दोन आठवड्यांत तयार करतात. हे मी सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "त्यांच्याकडे थंडी असते ना?" असते म्हटल्यावर त्यांना त्यात नवल वाटण्यासारखे काही उरले नाही.

झबल्याचे काम त्यामानाने लवकर झाले, पण कापड कापायला मात्र वेळ लागला. ते कापड होते आजेसासूबाईंची काळी सुती चंद्रकळा, लाल काठाची, नऊवारी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्यातला निऱ्यांचा आणि काष्ट्याचा भाग विरून जाळीदार झाला होता, पण पदराकडचा दीडेक मीटर अजून धड होता. सासूबाईंनी ती चंद्रकळा पलंगावर पसरली, हाताने सारखी केली, पुन्हा घडी घातली आणि चहा करायला निघून गेल्या. असे दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच कात्री आणून माझ्या हातात दिली आणि कापताना त्या खोलीत थांबल्या नाहीत.

काळ्या कापडाचा एक धोका असतो तो रंग जाण्याचा. कोऱ्या काळ्या कापडाचे झबले घामाने ओले झाले की बाळाच्या काखेत काळे डाग पडतात. चंद्रकळेने तिचा सगळा जादा रंग पन्नास वर्षांपूर्वीच विहिरीवर सोडून दिला होता. तरीही मी एक तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालात रात्रभर गुंडाळून ठेवला. सकाळी रुमाल पांढराच निघाला. मग चौघडी घालून, छातीला २२ इंच घेर आणि १५ इंच उंची धरून, बाह्या अंगाबरोबरच अखंड राहतील असे एकसंध कापले. खांद्यावर जोड नाही, म्हणजे तिथे टोचणारी शिवणही नाही. बाजूच्या शिवणी दुमडून दुहेरी घातल्या, पाठ उघडी ठेवून तीन ठिकाणी बंद लावले आणि लाल काठ घेराला आणला. सासूबाईंच्या पायमशीनचा पट्टा मध्येच दोनदा निसटला, एवढेच काय ते विघ्न. उरलेल्या तुकड्यातून थोरल्याला बिनबाह्यांची बंडी शिवली, कारण पाच वर्षांच्या मुलाचेही बोरन्हाण करतात हे त्याला कुठूनतरी कळले होते आणि तो हक्क सोडायला तयार नव्हता.

कुंचीसाठी मात्र नवा खण घेतला. खण म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. आपल्याकडच्या चोळ्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच कापडाच्या शिवल्या गेल्या. हल्ली त्याचे परकर-पोलके, पर्स, उशांचे अभ्रे, झालरी असे सगळे निघते आणि ते दिसतेही सुरेख. पण लहान मुलीला खणाचे पोलके घातले की ती दहा मिनिटांत पाठ खाजवायला लागते, हे मी नात्यातल्या तीन मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. खण उलटा करून पाहा: नक्षीचे धागे मागच्या बाजूला मोकळे सुटलेले असतात. जुन्या चोळ्या मोठ्या बायका घालत, बाळे घालत नसत. आणि बाळाच्या कुंचीला खण लावला तर आत अस्तर असेच. अस्तराला मी आजेसासऱ्यांच्या धोतराचे कापड वापरले. कुंचीचे बेतणे फार सोपे आहे. दीड हात लांबीचा तुकडा घ्यायचा, त्याची वरची कड मध्यावर दुमडून शिवली की डोक्याची टोपी होते आणि उरलेले कापड खांद्यांवरून पाठीवर उतरते. चेहऱ्याभोवती बारीक झालर, टोकाला लोकरीचा गोंडा. हनुवटीखालचे बंद मी मुद्दाम आखूड ठेवले आणि झोपताना कुंची काढायची असे सगळ्यांना बजावले. लांब बंद गळ्याभोवती आवळण्याची भीती जुन्या बायकांनाही होती, त्या बाळाला नजरेआड करत नसत एवढाच फरक.

काटा कशासाठी हवा, हे मला दागिने करायला बसले तेव्हा खरे कळले. हलव्याच्या दाण्यातून सुई जात नाही. घालायला गेले की दाणा दुभंगतो. म्हणून दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा धरायचा आणि दुहेरी गाठ मारायची, मग अर्ध्या इंचावर पुढचा फास. गुळगुळीत दाणा फासातून निसटून जातो. काटेरी दाण्याला दोरा काट्यांमध्ये रुततो आणि घट्ट बसतो. सहा दिवस मी ज्याच्यासाठी पहाटे उठले तो काटा नुसता शोभेचा नव्हता तर! पहिल्या तीन दिवसांचे गुळगुळीत दाणे बाजूला ठेवले होते; त्यातला एकही दाणा गाठीत राहिला नाही.

मुकुट आणि हार मी केलेच नाहीत. तेरा महिन्यांचे मूल डोक्यावर काही ठेवून घेत नाही, आणि गळ्यातले दागिने मला २०२२ पासून नकोच होते. शिवाय दोन वर्षांपर्यंत मुलांच्या खाण्यात वरून घातलेली साखर असू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आमचे डॉक्टरही सांगतात. त्यामुळे हलवा तिच्या हाती लागू नये ही खबरदारी घ्यायची होती. म्हणून हलव्याच्या तीन माळा झबल्याच्या मागच्या घेरावर, लाल काठाच्या वर, कच्च्या टाक्यांनी टाचल्या. पाठीवर लावलेला हलवा कोणाला दिसणार, असे नवऱ्याने विचारले. फोटो मागून काढू, असे मी सांगितले आणि खरेच तसे काढले. आमच्याकडे त्या दिवसाचा सगळ्यात सुंदर फोटो पाठमोरा आहे.

आता खाऊकडे वळते. बोरन्हाणाला पंधरा-सोळा मुले येणार होती, त्यात तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची सगळी. गेली काही वर्षे आमच्या ओळखीत अशा समारंभांना मुलांच्या हाती प्लॅस्टिकची खेळणी आणि चॉकलेटे भरलेली पारदर्शक पिशवी देण्याची रीत पडली आहे. ती खेळणी दुसऱ्या दिवशी केरात असतात. मी उरलेल्या खणाच्या आणि चंद्रकळेच्या तुकड्यांतून सहा बाय आठ इंचांच्या, नाडी ओढायच्या सोळा पिशव्या शिवल्या. लुटलेला माल मुलांनी त्यात भरायचा आणि घरचा खाऊही त्यातच न्यायचा.

खाऊत मुख्य होती ती नानकटाई. माझे माहेर साताऱ्याचे. आमच्या लहानपणी दिवाळीआधी नानकटाई घरी भाजत नसत, भट्टीवर नेऊन भाजून आणत. मैदा, पिठीसाखर, डालडा असे सगळे घरून डब्यांत भरून न्यायचे, बेकरीत आपला नंबर लावायचा, तिथला माणूस मोठ्या परातीत आपले साहित्य आपल्यादेखत मळायचा आणि किलोमागे भाजणावळ घ्यायचा. खरी मजा थांबण्यात होती. भट्टीतून काळे पत्रे बाहेर यायचे, तेव्हा त्या पत्र्यांवर आपली बिस्किटे कोणती आणि शेजारच्यांची कोणती हे ओळखण्याची आमची पैज लागायची, आणि रिकाम्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्र घालून ती भरताना आई दर वर्षी न चुकता सांगायची, की गरम आहेत तोवर झाकण लावायचे नाही, घाम धरतो. तो चौकोनी डबा पलंगाखाली सरकवलेला असे आणि त्याच्या झाकणाचा आवाज सगळ्या घराला ऐकू जात असे, त्यामुळे चोरून खाणे अशक्य होते.

घरच्या ओटीजीत ती मजा नाही, पण चव जमते. डालड्याऐवजी मी तूप घेते. एक वाटी थिजलेले तूप परातीत घेऊन तळहाताने फेसायचे. आधी ते पिवळट, रवाळ असते, आठ-दहा मिनिटांनी लोण्यासारखे पांढरे आणि हलके होते. फेसता फेसता त्यात पाऊण वाटी पिठीसाखर घालायची. मग एक वाटी मैदा, पाऊण वाटी कणीक, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलची. दूध, पाणी काहीही नाही. पीठ नुसत्या तुपावर गोळा होते. सुपारीएवढे गोळे किंचित दाबून, वर एकेक चारोळी लावून, १६० अंशांवर सतरा-अठरा मिनिटे भाजायचे. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतात आणि कच्ची राहिली असे वाटते. तशीच ठेवली की गार होताना खुसखुशीत होतात. माझा पहिला घाणा सपाट पसरला, कारण घाईत मी तूप पातळ करून घेतले होते. त्या पसरलेल्या चकत्या थोरल्याने आनंदाने संपवल्या आणि पुढच्या घाण्यांची नानकटाई फारच फुगली आहे अशी तक्रार केली.

गुळपापडीला इतके सोपस्कार लागत नाहीत. दोन वाट्या कणीक एक वाटी तुपात मंद आचेवर खमंग भाजायची, गॅस बंद करायचा, आणि मगच सव्वा वाटी किसलेला गूळ, सुंठ आणि भाजलेली खसखस घालून थाळीत थापायची. गॅस चालू असताना गूळ घातला तर वड्या दगड होतात, आणि दुधाचे दात असलेल्या मंडळींसमोर तशा वड्या ठेवणे बरे नव्हे.

धाकटीसाठी आदल्या आठवड्यात नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळली होती. पुष्कळ जणी नाचणी वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व करतात. ते पोटाला हलके असते आणि सहा-सात महिन्यांच्या बाळाला बरे पडते. पण गाळताना चोथा आणि त्याबरोबर बरेच काही निघून जाते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ते फडक्यात कशाला ठेवायचे, असा माझा हिशेब. त्या पिठाची खजूर कुस्करून घातलेली लापशी हाच तिचा त्या दिवशीचा खाऊ होता, आणि तिला त्यात काही कमी वाटले असे दिसले नाही.

रविवारी चार वाजता पाट मांडला. औक्षण झाले, आणि मग माझ्या आणि नणंदेच्या सासूबाईंच्यात थोडी बोलाचाली झाली, कारण मी बाळाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे ओतायचे ठरवले होते. बोरे नाहीत तर बोरन्हाण कसले, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. पण बोराची आठळी, अख्खा शेंगदाणा आणि हलव्याचा दाणा या तिन्ही वस्तू लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात. अख्खे दाणे आणि सुका मेवा पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. शेवटी तडजोड झाली: धाकटीवर चुरमुरे, त्यांत मोजून पाच मोठी बोरे, आणि ती पाचही लगेच उचलायची. चण्यामण्या बोरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, सोलाणे आणि उरलेला हलवा हा सगळा ऐवज थोरल्याच्या डोक्यावरून ओतायचा आणि लुटायला मोठी मुले. शेंगा-बोरांच्या बाबतीत धाकट्या मंडळींच्या शेजारी त्यांच्या आयांनी बसायचे.

पहिल्या मापाला धाकटी दचकली, दुसऱ्या मापाला तिने वर पाहिले, तिसऱ्याला हात पसरले. कुंची दोन मिनिटे टिकली. मग तिने गोंडा ओढून तोंडात घातला आणि कुंची त्याच्यामागोमाग उतरली. थोरल्याच्या वेळी मात्र गोंधळ उडाला. सोळा मुले एकाच वेळी जमिनीवर झेपावली, नाडीच्या पिशव्या भरल्या, कोणीतरी आपली पिशवी डोक्यात टोपीसारखी घातली आणि मग सगळ्यांनीच घातल्या. एका मुलाने हलव्याचा दाणा उजेडात धरून विचारले की हा यंत्राने करतात का. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. मुलाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि बहुधा त्याला ते पटले नाही.

रात्री दमून मी झबले तसेच खुर्चीवर टाकले; कच्चे टाके सकाळी उसवू म्हटले. सकाळी पाहते तर खिडकीच्या चौकटीपासून खुर्चीच्या पायापर्यंत आणि तिथून लाल काठापर्यंत मुंग्यांची सरळ रांग लागलेली. चंद्रकळेला काही झाले नव्हते. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चला, यांचेही बोरन्हाण झाले." झबले आम्ही गॅलरीत नेऊन झटकले, माळा उसवल्या, कोमट पाण्यात हलकेच खंगाळून ते उलटे वाळत घातले. मुंग्यांच्या तोंडून सुटलेले एकोणीस दाणे थोरल्याने मोजून काचेच्या बरणीत भरले आणि बरणी पाणी घातलेल्या ताटलीच्या मधोमध ठेवली.